भाऊबीजेला बहिणींना आईच्या सयपाकाची वही दिली, माझा अनुभव

मागच्या भाऊबीजेला मी तिन्ही बहिणींना साडीऐवजी आईच्या हातच्या पदार्थांची वही दिली. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, बहिणी एक पुण्याला, एक सुरतला, एक नागपूरला, आणि दर दोन दिवसांनी कोणाचा ना कोणाचा फोन, आई गोळाभातात (डाळीच्या भरड्याचे गोळे घालून केलेला भात) भरडा किती घेऊ, सोले (तुरीचे हिरवे दाणे) वाटायचे का अख्खेच टाकायचे. आई म्हणणार, अंदाजानं टाक. आता तिचे गुडघे दुखतात, चुलीपाशी जास्त वेळ बसणं होत नाही, म्हटलं लिहूनच काढू.

आठ दिवसांचं काम वाटलं होतं, वर्ष लागलं. तुरीच्या शेंगा भरतात डिसेंबर-जानेवारीत, सोलेभाजी तेव्हाच, कुरड्या न मुंगवड्या उन्हाळ्यात, आणि आईला नुसतं बसवून विचारलं तर अर्धं राहून जाते, हात चालू असला की सगळं आठवते. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा एवढंच तिनं सांगितलं होतं. दररोज सकाळी ती पाणी बदलून राहिली होती हे मी पाहिलं म्हणून वहीत आलं, तिच्या मते भिजवणं म्हटलं की ते आलंच त्यात.

मापाचं सगळ्यात कठीण. गोळाभाताच्या दिवशी किराणा दुकानातून छोटा काटा मागून आणला, आईनं डाळीच्या भरड्याची मूठ भरली की तिचा हात धरायचा न मूठ काट्यावर रिकामी करायची. तीन मुठी, 150 ग्रॅम. मोहनाची पळी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजली, 20 मिली. आई म्हणे, "मापानं का सयपाक होते बापू, हाताले समजते." पण दुसऱ्या मुठीपासून स्वतःच काट्याकडे पाहून राहिली होती.

अक्षर माझंच, बॉलपेननं, कारण जेलपेनच्या पानावर तेलाचं बोट लागलं न ओळच पसरली. तालुक्याला झेरॉक्स काढून स्पायरल करायला दिलं तर भोकं नेमकी डावीकडच्या आकड्यांवर पडली, "2 वाट्या"तला 2च गायब. 40 पानं पुन्हा लिहिली, डावीकडे दीड इंच जागा सोडून. ज्यांना करायचं आहे त्यांनी ही जागा आधीच सोडा.

दिवाळी झाल्यावर पुण्याच्या ताईचा फोन आला, गोळे भातात फुटले. आईनं विचारलं, "भातात चमचा फिरवला का?" फिरवला होता. गोळे टाकले की भात हलवायचाच नाही, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येऊ द्यायची, हे मी लिहिलंच नव्हतं. त्याच रात्री मूळ वहीत ती ओळ लाल पेननं टाकली न तिघींनाही फोन करून आपापल्या वहीत लिहून घ्यायला लावली.