आईच्या मनगटाचा फोटो आणि ५२ चा आकडा

परवा आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट सुजलं, म्हणून सदाशिव पेठेतल्या एका एक्स-रे सेंटरला घेऊन गेलो. टेक्निशियन दादांनी कन्सोलवर ५२ केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) लावलं, तर आई विचारते, "एवढा करंट सोडणार का रे हातात?" दादा हसले, म्हणाले, "आजी, तुमच्या हातात करंट नाही येणार." फ्रॅक्चर नव्हतं, पण घरी येताना रिक्षात मी तिला तो ५२ चा आकडा समजावत बसलो, आणि मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून इथेही लिहितोय.

एक्स-रे ट्यूबमध्ये फिलामेंट (बारीक तार) तापतं, इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ५२ हजार व्होल्ट त्यांना टंगस्टनच्या अॅनोडकडे (धन टोकाकडे) खेचतात. म्हणजे आपटताना प्रत्येकाकडे ५२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. आईला म्हटलं, समज तुळशीबागेत शिरलेल्या प्रत्येकाच्या पर्समध्ये बरोबर ५२ रुपये आहेत, एखादी पहिल्याच दुकानात सगळे उडवेल, पण बाकीच्या दोन इथे, पाच तिथे असंच करणार, आणि ५३ रुपयांची वस्तू मात्र कोणालाच घेता येणार नाही. फोटॉनचं, म्हणजे एक्स-रेच्या एकेका कणाचं, अगदी तसंच. इलेक्ट्रॉनला अणुकेंद्राजवळ ब्रेक लागतो, जेवढी ऊर्जा जाते तेवढ्याचा फोटॉन निघतो, त्यामुळे बीममध्ये सगळी मिसळ असते आणि ५२ ही फक्त वरची हद्द. ही हद्द ड्युएन आणि हंट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये मोजून दाखवली. मी कॉलेजात कितीतरी दिवस सगळे फोटॉन त्याच एका ऊर्जेचे धरून चाललो होतो आणि ग्राफ पाहिला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मिलीअँपिअर, म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा प्रवाह, वाढवले की फोटॉनची गर्दी वाढते, पण एकेकाची ताकद तीच राहते.

आणि खरी गंमत पुढे आहे. टंगस्टनच्या सगळ्यात आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण ६९.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तो उडाला की वरचा खाली येतो आणि ५९ च्या आसपासचे ठरलेले फोटॉन मिळतात. म्हणजे छातीच्या फोटोला १०० च्या वर केव्ही लावतात तेव्हा ते येतात, पण आईच्या ५२ वर ते ५९ वाले एकही नाही! ५९ तर ५२ पेक्षा मोठे आहेतच, पण समजा ६५ केव्ही लावले असते तरी ते आले नसते, कारण आधी आतला इलेक्ट्रॉन उडवायला हवा. हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

बाकी ९९ टक्के ऊर्जा नुसती उष्णता होते. म्हणून मोठ्या ट्यूबमध्ये अॅनोडची तबकडी गरागरा फिरवतात, एकाच जागी मार बसू नये म्हणून. फोटोच्या आधी जो घर्रर्र आवाज आला ना, तो तिचाच. आई म्हणाली, "मला वाटलं एसी बिघडलाय."