आमची वाटचाल : नाल्याच्या अलीकडे

मी मूळचा डायमेकर. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बादल्या, मग आणि झाकणांचे साचे करण्यात वीस वर्षं गेली. बडोद्याला प्लॅस्टिक नवं नाही. 1969 साली स्थापन झालेल्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीचा कारखाना इथलाच, आणि आमच्यासारख्यांची पोटं तिथल्या प्लॅस्टिकच्या दाण्यावर भरली. त्यामुळे इथल्या विश्वामित्री नदीत तरंगणारे झभले (इथले मराठीही कॅरीबॅगला झभलाच म्हणतात) बघून नाक मुरडायला मला तोंड नव्हतं.

कोविडनंतर साच्यांची कामं आटली. जुना एक्स्ट्रूडर (स्क्रूने ढकलत प्लॅस्टिक वितळवणारं मशीन) आणि हायड्रॉलिक प्रेस घेतला, साचा घरचाच. वितळलेलं प्लॅस्टिक आणि वाळू कालवून पेव्हर ब्लॉक करायचे, तेही नदीतून काढलेल्या प्लॅस्टिकचे, असा बेत. ऐकणाऱ्याला फार आवडायचा.

नदीने तो पहिल्याच महिन्यात मोडला. एक तर काठावर उतरायचं म्हणजे मगरींच्या अंगणात उतरायचं. वर पोत्यात निम्मा गाळ, निर्माल्य, केस. धुवायला पाणी किती लागलं ते सांगत नाही, कारण ते गटारातच गेलं. आणि एवढं करून माल ओलाच. ओलं प्लॅस्टिक एक्स्ट्रूडरच्या तापलेल्या नळीत गेलं की वाफ धरतं. ब्लॉक करवतीने कापला तर आत ढोकळ्यासारखी जाळी!

मग बायकोने साधा प्रश्न विचारला, "बाटल्या नदीत एवढ्या का दिसत नाहीत?" कारण बाटली, बादली भंगारवाला घेतो. नदीत जातं ते ज्याला भाव नाही ते: मळके झभले, वेफर्सची पाकिटं, मावा चोळून फेकलेले प्लॅस्टिकचे तुकडे. त्याला आम्ही भाव लावला. कचरा वेचणाऱ्या बायकांकडून ते नाल्यात पडण्याआधी, कोरडं असतानाच घ्यायला लागलो. गल्ला लागला तो तेव्हापासून.

खरं काम मशीनचं नाही, निवडण्याचं आहे. आमच्याकडे माल निवडणाऱ्या मासी (मावशी) तुकडा कानाशी चुरगाळतात आणि आवाजावरून टोपली ठरवतात. शंका आली तर पाण्याची बादली. प्लॅस्टिकच्या प्रकारांपैकी एलडी, एचडी, पीपी तरंगतात. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) आणि पीव्हीसी (पाइपांचं) बुडतात. मी एकदा हुशारी करायला तांब्याची तार तापवून बुडलेल्या तुकड्याला लावली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे पीव्हीसी. मासी म्हणाल्या, "ते मी मघाशीच बाजूला काढलं होतं." पीव्हीसी तापलं की आम्लाचा वायू सुटतो. माणसांचा घसा जातो आणि मशीनचा स्क्रूही. म्हणून या बाबतीत मासींचा शब्द शेवटचा.

सगळ्यात मोठी फजिती एका सोसायटीच्या पायवाटेवर झाली. डिसेंबरात ब्लॉक बसवले, अगदी चिकटून, दिसायला सुरेख. मे महिन्यात फोन आला: "भाऊ, वाट पुरीसारखी फुगलीय." प्लॅस्टिक उन्हाने सिमेंटपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. साचे करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, होतंही. थंड होताना माल किती आकसतो त्याचा हिशेब जन्मभर केला, उलटा हिशेब सुचला नाही. सगळी वाट उखडून पदरच्या पैशांनी पुन्हा बसवली. आता फट सोडून त्यात वाळू भरतो.

सरकारी निविदांत आम्ही बसत नाही. तिथे आयएस 15658 मागतात, आणि ते मानक सिमेंट काँक्रीटच्या ब्लॉकचं. ट्रक फिरणार असेल तिथे आम्हीच नको म्हणतो. घराच्या भिंतीसाठी विटा मागणाऱ्यांनाही नाही म्हणतो, प्लॅस्टिक जळतं. बागेतली वाट, झाडाचं आळं, अंगण एवढंच आमचं गिऱ्हाईक.

2024 च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमाराला, विश्वामित्री शहरात शिरली. मगरी सोसायट्यांत आल्या. पाणी ओसरल्यावर पुलांच्या कठड्यांना, झाडांच्या फांद्यांना झभले लोंबत होते, वाळत घातलेल्या धुण्यासारखे. ओळखीच्या एकाने पोती भरून टेम्पोच दारात आणला, फुकट. मासींनी एका पोत्यात हात घातला, चिखलाने जड झालेला झभला बाहेर काढला, चुरगाळला. आवाजच आला नाही.

"भाई, आ हवे कंई कामनुं नथी" (हे आता काही कामाचं नाही), म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. टेम्पोचं भाडं मी दिलं.