रात्रीचं दूध आणि पुराचं पाणी

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी जाग आली. घसा कोरडा, पोट फुगलेलं, छातीत धडधड. पुन्हा तेच स्वप्न. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातायत आणि आवाज मात्र कसलाच नाही. पाणी पिवळं, कारण हळदीचा डबा उघडा पडून त्यात तरंगतोय. मी दाराची कडी काढायला जाते तर ती हातात वाकते, कणकेच्या गोळ्यासारखी मऊ.

उठले, पाणी प्यायले आणि वही काढली. काल कोजागरी होती. गच्चीवर सगळे जमलो होतो, चंद्र ढगांतून अधूनमधून दिसत होता. बारा वाजता नैवेद्य दाखवला. मग भडंग आणि आटवलेलं केशर-चारोळीचं दूध, मी दीड कप घेतलं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच. झोपायला एक वाजला.

ही वही मी गणपती बसले त्या दिवशी, २७ ऑगस्टला सुरू केली. रात्री काय खाल्लं, किती वाजता, दूध किती, जाग कधी आली, स्वप्न काय पडलं, एवढेच रकाने. पहिल्या २१ रात्री नेहमीसारखं झोपताना कपभर हळदीचं दूध घेतलं. त्यात पाच वेळा दचकून उठले, त्यातली चार पुराची स्वप्नं. पुढच्या १९ रात्री दूध घेतलं नाही, तेव्हा एकदाच. आणि काल हे.

वही सुरू करायला कारण झालं ते जुलैत वाचलेलं एक संशोधन. कॅनडात एडमंटनच्या मॅकइवान विद्यापीठातल्या १,०८२ विद्यार्थ्यांना त्यांचं खाणं, झोप आणि स्वप्नं यांबद्दल विचारलं होतं. खाण्याचा झोपेवर परिणाम होतो असं साधारण ४० टक्के मुलांनी सांगितलं. स्वप्नांवर होतो म्हणणारे ५.५ टक्केच. त्यांनी सगळ्यांत जास्त दोष दिला गोडाला आणि दुधाच्या पदार्थांना. मी थबकले ते पुढच्या ओळीवर. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना वाईट स्वप्नांचा त्रासही जास्त होता, आणि पोटाचा त्रास जितका जास्त तितका स्वप्नांचा. दूध पचत नाही हे माझ्या बाबतीत मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. गॅसेस होतात, पोट गुडगुडतं, आपल्याकडे कुणाला होत नाही? ओवा खायचा आणि विषय संपवायचा.

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती फोडणारा पाचकरस लहान आतड्यात असतो आणि लहानपण सरलं की पुष्कळ माणसांत तो कमी होत जातो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो, कळा येतात. हे सगळं दूध पिऊन काही तासांनी, म्हणजे आपण गाढ झोपलेलो असताना. दह्याला विरजण लागताना त्यातली बरीचशी साखर जिवाणूच खाऊन टाकतात, म्हणून दुपारच्या ताकाचा मला कधी त्रास झाला नाही. कालचं दूध आटवलेलं होतं. पाणी उडून जातं, साखर तेवढीच राहते. दीड कपात नेहमीच्या किती कपांची साखर गेली असेल!

स्वप्नांचंही एक वेळापत्रक असतं. साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये झोप चालते. ज्या टप्प्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, तो ठळक स्वप्नांचा. शिकागोत १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तो नोंदवला. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. नेमक्या त्याच वेळी पोटाने हलवून जागं केलं, तर स्वप्न अर्ध्यातच हाती लागतं आणि लक्षात राहतं. एरवी तेच स्वप्न पडून गेलं असतं आणि सकाळी आठवलंही नसतं. माझ्या वहीतल्या सगळ्या पुराच्या नोंदी साडेतीन ते पाचच्या मधल्या आहेत.

आता जे मला पटत नाही तेही लिहिते. पहिले २१ दिवस पावसाचे होते. मोबाईलवर कोयनेच्या विसर्गाचे मेसेज यायचे, हे रोज ऑफिसमधून येताना आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णा नदी बघून यायचे. पाऊस ओसरला आणि मी दूधही त्याच सुमाराला सोडलं. मग स्वप्नं कशामुळे थांबली? आणि काल दुधाशिवाय जागरणही होतं, अवेळी खाणंही होतं. ते संशोधनही मुलांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरच उभं आहे. त्रासामुळे स्वप्नं की स्वप्नांनी बिघडलेल्या झोपेमुळे पोटाचा त्रास, हे त्यातून ठरत नाही. १९९२ साली सहा तरुणांना रात्री झणझणीत सॉस आणि मोहरी खायला देऊन त्यांची झोप मोजली होती. अंगाचं तापमान वाढलं, झोप लागायला उशीर झाला, गाढ झोप कमी झाली. आमच्याकडे हे रात्री खर्डा-भाकरी खाऊन लगेच घोरायला लागतात. प्रत्येकाचं पोट वेगळं, म्हणून वही तरी स्वतःचीच हवी.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे लहानपणापासून ऐकलंय आणि ते खरंच आहे. पूर काही दुधातून आला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागातल्या आमच्या खालच्या दोन्ही खोल्या बुडाल्या. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जिन्यावर उभी राहून मी पायऱ्या मोजत होते. ती भीती माझी आहे, ती मनातच वस्तीला आहे. पण तिला दार कोण उघडून देतं, हा माझा प्रश्न आहे.

चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि सातवं दोषज, म्हणजे शरीरातल्या वात-पित्त-कफाच्या बिघाडातून येणारं. आज पहाटे हे वाचताना वाटलं, माझं स्वप्न अनुभवलेलंही आहे आणि दोषजही. एकाच स्वप्नाला दोन मुळं असायला काय हरकत आहे?

आईंना अजून काही सांगितलेलं नाही. या तीन आठवड्यांत माझ्या वाटणीचं दूध मी गुपचूप लेकाला देत होते. त्याचं ओझं पोटातल्या दुधापेक्षा जास्त झालंय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सांगितलं.

रात्री नऊला त्यांनी हाक मारली, "दूध ठेवलंय गं, गार व्हायच्या आत घे." मी ओट्यापाशी गेले आणि म्हटलं, "आई, मला रात्रीचं दूध सोसत नाही. त्याने झोपमोड होते आणि पुराची स्वप्नं पडतात." वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं नीट वाचली. मग पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "मिरजेचं आठवतंय का तुला?"

मला पटकन लक्षात आलं नाही. कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडून आम्ही मिरजेला मावशींच्या घरी गेलो, त्या रात्री. सगळे भिजलेले, लेक रडून रडून दमलेला. मावशींनी प्रत्येकाच्या हातात हळद घातलेलं गरम दूध दिलं. मी तो पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ तशीच बसले होते, असं आई म्हणाल्या. "तुझे हात थरथरत होते. दूध प्यायलीस आणि झोपलीस. तेव्हापासून मी रोज देते."

सहा वर्षं मी ते पीत आले आणि कधी सुरू झालं तेच विसरले होते. म्हणजे माझ्या दुधाच्या कपात हळदीच्या वासासकट ती रात्रही होती. लॅक्टोजवर खापर फोडणं किती सोपं होतं! पण पोट फुगतं तेही खोटं नाही. वहीत हा वासाचा रकाना कसा करायचा, मला कळत नाही.

आईंनी माझ्या वाटणीच्या दुधाला विरजण लावलं. म्हणाल्या, "मला आधी म्हणायचंस. लेकाला कशाला चोरून पाजायचंस?" त्यांना माहीत होतं तर.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दोन रात्री सलग झोप. जेवण साडेसातला: ज्वारीची भाकरी, पोकळा. दूध नाही. स्वप्न आठवत नाही.

आज चहाच्या वेळी आई वही मागून घेऊन बसल्या. मला म्हणाल्या, "माझं पण लिही." पट्टी घेऊन मी एक रकाना वाढवला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: रात्री नऊ, दूध एक कप, हळद घालून. झोप चांगली. स्वप्न: हरिपूरचं माहेरचं अंगण, हळद वाळत घातलेली, आणि वडील कोंबड्या हाकलतायत.