तेराव्या चॅनेलवरचा रविवार

जर्मनीतल्या एसलिंगेनमध्ये एका कारखान्याच्या गोदामाची जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करायची होती. रविवारी प्लांट बंद असतो, म्हणून तोच दिवस धरलेला. सोमवारी पहाटेच्या शिफ्टला माल नव्या सिस्टीमवर निघायलाच हवा. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्यांना कारखान्यात प्रवेश नाही, त्यामुळे मी उतरले होते त्या पेन्शनमधूनच काम करायचं होतं. पेन्शन म्हणजे खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, वर पाहुणे आणि सकाळी ब्रेड-चीज.

लॅपटॉप उघडला, तर बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं वायफाय नेटवर्क यादीतच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावं दिसत होती, आमचंच तेवढं गायब. मोबाइलवर मात्र तेच नाव सगळ्यात वर, फुल्ल रेंज. तेवढ्यात पुण्याहून ज्युनिअरचा मेसेज आला, "मॅडम, आम्ही सगळे बसलोय. लॉगिन कधी करताय?"

लॅपटॉप क्लायंटचा होता, त्यांच्या अमेरिकेतल्या ऑफिसने पाठवलेला. त्यांच्या सर्व्हरवर फक्त त्याच मशीनवरून शिरता येतं आणि अ‍ॅडमिन राइट्स, म्हणजे सेटिंग बदलायचे अधिकार, अर्थातच नाहीत. हेल्पडेस्कला फोन लावला. त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितला. केला. काही फरक नाही. मग निदान आलं : राउटरच खराब असणार. ज्या राउटरच्या जिवावर मी मोबाइलवरून त्यांच्याशी बोलत होते, तोच खराब!

मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर हे आजूबाजूची नेटवर्क दाखवणारं अ‍ॅप होतं, ते उघडलं आणि उलगडा झाला. वायफायचा पट्टा चॅनेल नावाच्या क्रमांकांच्या वाटांमध्ये विभागलेला असतो. शेजारची सगळी नेटवर्क १, ६ आणि ११ या चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली आणि आमचं एकटंच १३ वर. राउटर 'ऑटो'वर होता. त्याने बिचाऱ्याने रिकामी जागा बघून बस्तान मांडलं होतं.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात युरोपात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, भारतातही तसंच. अमेरिकेत मात्र गाडी ११ वर थांबते. तिकडे २४८३.५ मेगाहर्ट्‌झपासून पुढे राखीव पट्टा लागतो, सॅटेलाइट फोनही त्याच भागात चालतात. तिथे वायफाय सांडू नये म्हणून नियम इतके कडक आहेत की १२ आणि १३ वर पॉवर फारच कमी ठेवावी लागते. त्यापेक्षा कंपन्या त्या बाजारातल्या मशीनमध्ये हे चॅनेल बंदच करून टाकतात. म्हणजे ठाण्याच्या परमिटची रिक्षा मुलुंड चेकनाक्याला थांबावी, तसा हा लॅपटॉप ११ वर थांबत होता. मोबाइलला टॉवरवरून कळलेलं असतं की आपण जर्मनीत आहोत. लॅपटॉपमध्ये सिमच नव्हतं, त्याच्या लेखी आम्ही अजून अमेरिकेतच. फ्रँकफर्ट विमानतळावर तो बिनबोभाट चालला होता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

कारण कळलं, पण काम अडलेलंच. मोबाइल यूएसबीने जोडून पाहिला, तर क्लायंटच्या सिक्युरिटीने तो परस्पर ब्लॉक केला. हॉटस्पॉट लावावा, तर जुन्या घराच्या जाड दगडी भिंतींत मोबाइल डेटा रडतखडत चाललेला. काही विकत आणावं, तर जर्मनीत रविवारी दुकानं बंद. स्टेशन आणि पेट्रोल पंपावरची तेवढी उघडी, आणि तिथे सँडविच मिळतं.

उरला राउटर. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. ट्रान्सलेटरवर टाइप करून दाखवलं की तुमच्या राउटरचं एक सेटिंग बदलू का, जाताना पूर्ववत करून देईन. त्यांनी दोनदा वाचलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. रात्री सव्वाआठला त्यांचा कार्यक्रम असतो, तो बुडणार नाही ना? टीव्ही वेगळ्या केबलवर होता, तसं सांगितल्यावर त्यांनी राउटरवरचा क्रोशाचा रुमाल स्वतः उचलला. पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर होता. मोबाइलवरूनच सेटिंग उघडलं, 'ऑटो' काढलं आणि १ निवडला, कारण तिथे त्यातल्या त्यात गर्दी कमी होती. नेट गेलं. बाईंनी लगेच टीव्ही लावून खात्री करून घेतली. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपच्या यादीत नाव उगवलं.

पुढचं काम नेहमीसारखंच झालं. थोडे स्टॉकचे आकडे जुळले नाहीत, ते पुण्याच्या टीमने रात्री जागून जुळवले.

परत आल्यावर मी एक खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर घेतला. भारतात विकलेला, म्हणजे १३ वरचं नेटवर्कही पकडणारा. तो तिथलं वायफाय घेतो आणि लॅपटॉपला हव्या त्या चॅनेलवर देतो. बिल अकाउंट्सला पाठवलं. त्यांनी विचारलं, "लॅपटॉपमध्ये वायफाय असताना हे कशाला?" मी अ‍ॅनालायझरचा स्क्रीनशॉट जोडून सविस्तर उत्तर लिहिलं. बिल अजून पेंडिंग आहे.