तुम्ही विचारलंत म्हणून: दाढांचं रूट कॅनॉल का सोडलं?

जुने पेशंट विचारतात, बरोबरीचे डॉक्टरही विचारतात. वर ठरलेलं वाक्य: "बसूनच तर असतं तुमचं काम."

हो, बसूनच. मान पुढे झुकवून उजवीकडे कललेली, खांदा उचललेला, डाव्या हातात आरसा, उजव्या चिमटीत फाईल, म्हणजे दाताच्या मुळातली पोकळी घासून साफ करायचं सुईएवढं हत्यार. असं तासभर. डोकं साडेचार-पाच किलोचं, पण ते झुकलं की मानेवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. ओझं उचलणाऱ्याचे स्नायू मधूनमधून सैल तरी पडतात. आमचे ताणलेलेच राहतात, त्यांना रक्तसुद्धा नीट पोचत नाही.

पण मी सोडलं ते दुखण्यामुळे नाही. दुखणं दहा वर्षं चालवून घेतलं होतं.

त्या दिवशी वरची दाढ होती. वरच्या दाढेसाठी पेशंटला पूर्ण आडवं करायचं आणि आरशात बघून काम करायचं. आजी म्हणाल्या, चक्कर येते. खुर्ची अर्धीच पाडली. रबर डॅम, म्हणजे घशात काही पडू नये म्हणून दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा, लावला तर गुदमरतं म्हणाल्या, तोही काढला. मग उरली माझी मान, ती वाकवली. चौथा कॅनॉल, म्हणजे दाढेच्या मुळातली चौथी बारीक नळी, सापडेना. अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येत होत्या, पण त्या काही महिने येतच होत्या. हात झटकायचा आणि पुढे चालू. फाईल चिमटीत आहे असं मला वाटत होतं. ती नव्हती. 21 मिलिमीटरची फाईल आजींच्या जिभेवर, पार मागे पडली होती.

"गिळू नका," एवढंच म्हणाले. असिस्टंटने त्यांचं तोंड एका बाजूला वळवलं, मी चिमट्याने फाईल उचलली. फार तर चार सेकंद. आजींनी विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "आज एवढंच." तात्पुरतं सिमेंट भरलं आणि त्यांना पाठवलं. काय घडलं ते सांगितलं नाही. त्याची बरीच कारणं मी स्वतःला दिली आहेत, एकही पटलेलं नाही.

एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी नसेवर दाबत असलेली दिसली.

बसायचं कसं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. ते खोटं आहे. पुतळ्याच्या दातांवर काम करताना पाठ ताठ ठेवायला शिकवलं होतं. पण पुतळ्याला चक्कर येत नाही. लूप्स, म्हणजे न वाकता दिसावं म्हणून लावायचे भिंगाचे चष्मे, घेतले तेही उशिरा, आणि चुकीच्या कोनाचे. ते लावूनही मान वाकतच होती. घेण्याआधी मला लूप्स म्हणजे दिखाऊपणा वाटायचा.

दाढा काढायला जास्त जोर लागतो ना, मग ते कसं चालतं? चालतं. उभ्याने करते आणि बहुतेकदा काही मिनिटांत संपतं.

आणि आता पूर्ण सोडलंय म्हणावं, तर गेल्या आठवड्यात एक केलंच. रात्रभर न झोपलेला माणूस समोर होता. खुर्ची पूर्ण आडवी केली, रबर डॅम लावला, त्याची कुरकुर ऐकून घेतली. रात्री अंगठ्याला मुंग्या आल्याच.