करपा डोळ्यांना दिसतो, मग त्याचा जीनोम कशाला वाचता?

केळीच्या पानांवरील बुरशीवर मी काम करतो हे कळल्यावर रावेर-यावलकडचे बागायतदार एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : करपा आम्हाला बांधावरूनच दिसतो, औषधही ठाऊक आहे, मग त्या बुरशीचा जीनोम वाचून तुमच्या हाती लागते तरी काय? प्रश्नात थोडी चेष्टा असते आणि ती मला मान्य आहे. माझे उत्तर असे की, ठाऊक असलेले औषध लागू पडेनासे होणार असल्याची खूण बागेत कळण्याआधी जीनोममध्ये, म्हणजे बुरशीच्या डीएनएच्या संपूर्ण मजकुरात, सापडू शकते.

आपण ज्याला सिगाटोका करपा म्हणतो त्याचे नाव फिजी बेटांवरील सिगाटोका खोऱ्यावरून आले. तेथे १९१२ च्या सुमारास त्याची मोठी साथ आली होती. ती पिवळ्या सिगाटोकाची. अधिक घातक असा काळा सिगाटोका फिजीतच १९६३ मध्ये ओळखला गेला आणि दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारी तिसरी बुरशी १९९० च्या दशकात वेगळी काढली गेली. ठिपका जुना होऊन मधोमध राखाडी पडला की या तिघींतला फरक जाणत्या माणसालाही सांगता येत नाही. डीएनएला मात्र तो लगेच सांगता येतो.

तिघींचे जीनोम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या सिगाटोकाचा सुमारे ७.४ कोटी अक्षरांचा, पिवळ्याचा सहा कोटींचा आणि तिसरीचा जेमतेम ४.७ कोटींचा भरला. वंशावळीत पिवळ्या सिगाटोकाची बुरशी आणि ही तिसरी बुरशी एकमेकींच्या अधिक जवळच्या निघाल्या. जनुकांची संख्या तिघींत फारशी वेगळी नाही. फुगवटा आहे तो स्वतःच्या नकला काढत जीनोमभर पसरणाऱ्या तुकड्यांचा.

बागायतदाराच्या कामाचा भाग याहून लहान आहे. प्रोपिकोनॅझोलसारखी औषधे बुरशीच्या पेशीचा पडदा बांधणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. कोस्टा रिकात, जिथे काळ्या सिगाटोकावर वर्षाला चाळीसहून अधिक वेळा विमानाने फवारणी होते, तेथील दाद न देणाऱ्या बुरशीत या विकराच्या जनुकात बदल झालेले आढळले. शिवाय त्या जनुकाच्या आधी, ते किती जोराने चालावे हे ठरवणाऱ्या भागात, १९ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा आलेला दिसला. म्हणजे कुलूप तर बदललेच, वर कुलपांची संख्याही वाढवली. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातील औषधांना दाद न देण्यासाठी तर एका अक्षराचा बदल पुरतो.

बुरशीला हे जमते, कारण तिच्यात दोन भिन्न प्रकारांचा संकर होऊन नवे बीजाणू वाऱ्यावर उडतात. आपली ग्रँड नैन ही केळीची जात मात्र निर्बीज. उतिसंवर्धित रोपांची अख्खी बाग ही एकाच झाडाची प्रत असते. म्हणूनच एकाच गटाचे औषध सलग न मारता आलटून पालटून वापरावे आणि करपलेला भाग कापून बागेबाहेर न्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. बीजाणू त्या वाळलेल्या भागातूनच उडतात.

जीनोम वाचण्याचे हे काम वाटते तितके झटपट नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत महिनाभर वाट पाहावी तेव्हा बुरशीची करडी, मखमली गाठ कशीबशी नखाएवढी होते, आणि थेट पानातून डीएनए काढू गेले तर केळीचा चीक नळीत तपकिरी होऊन सगळे चिकट करून ठेवतो.

तेव्हा नमुना द्यायचा असेल तर अगदी सुकलेले पान नको. कोवळ्या रेघा आणि जुने ठिपके दोन्ही असलेला तुकडा घ्या, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत न घालता वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. पिशवीला आतून घाम सुटतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यावर भलत्याच बुरशी वाढलेल्या असतात.