ट्रॅकची चाकं ठरली: आधी लोड रेटिंग, मग वजन

मागच्या नोंदीत ब्रेकचं काम संपवलं होतं. आता चाकं. रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवण्यासाठी चाकांचा वेगळा सेट हवा हे आधीच ठरलं होतं. मऊ टायर रोजच्या रस्त्यावर झिजवण्यात अर्थ नाही, आणि एकाच रिमवर सारखी टायरची काढ-घाल केली की टायर जिथे हवा धरून बसतो ती कड खराब होत जाते. बजेट मर्यादित आहे. पण वळण २०० मीटरवर आहे असं सांगणाऱ्या पाटीपाशी पूर्ण ब्रेक दाबताना चाकाबद्दल मनात शंका नको, ही अट पहिल्या दिवसापासून होती.

आधी गाडीची माहिती, म्हणजे पुढचे आकडे कळतील. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, माझ्यासकट अंदाजे १२०० किलो, त्यातलं ६० टक्के वजन पुढे. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप, ४×१०० (चार भोकं, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर). कंपनीची अलॉय १५ इंची, ६ जे (रिमची रुंदी ६ इंच), ऑफसेट ईटी ४५ (चाक हबला टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेर).

चाकं म्हटलं की गप्पा पहिल्यांदा वजनावर जातात. मीही वजनकाटा घेऊन बसलो. कंपनीचं चाक ७.४ किलो, डोळ्यासमोर होतं ते ५.९. चाकामागे दीड किलो, चौघांचे मिळून ६. फिरणाऱ्या वस्तूचं सगळं वजन अगदी परिघावर असेल, तर वेग वाढवताना ते दुप्पट मोजावं लागतं. तेव्हा जास्तीत जास्त फायदा धरला तरी १२ किलोचा. वीस लिटर पेट्रोल कमी भरलं तर याहून जास्त वजन उतरतं. हलक्या चाकाचा खरा उपयोग कर्बवर (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) आणि खडबडीत वळणात होतो, कारण सस्पेन्शनला कमी वजन सांभाळावं लागतं आणि टायर जमिनीला लवकर टेकतो. तो फायदा मला हवाच आहे. पण त्यासाठी ताकदीत एक पैशाचीही तडजोड करणार नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक चाकाला लोड रेटिंग, म्हणजे ते जास्तीत जास्त किती भार पेलेल याचा आकडा, असतं आणि चांगल्या चाकावर ते मागच्या बाजूला कोरलेलं सापडतं. माझी गाडी उभी असताना पुढच्या एका चाकावर साधारण ३६० किलो येतात. मग ४०० किलोचं चाक चालायला हवं, असं वाटतं. ट्रॅकवर ते पुरत नाही. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर १ जीच्या (आडवा जोर गाडीच्या वजनाइतका) वळणात १२०० × ०.५ ÷ १.५, म्हणजे ४०० किलो आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला सरकतात. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा पुढच्या दोन चाकांचा. पुढचं बाहेरचं चाक ५८० किलोच्या आसपास पोहोचतं, आणि त्याच वेळी टायर तेवढ्याच जोराने त्याला आडवं ढकलत असतो.

हा आडवा जोरच चाकाला वाकवतो. चाकांच्या वळण-चाचणीत चाकाला फिरत्या वाकणाऱ्या भाराखाली ठेवतात. भार किती, हे सूत्राने ठरतं: टायरची त्रिज्या गुणिले घर्षणाचा गुणांक, त्यात ऑफसेट मिळवायचा, आणि सगळ्याला चाकावरच्या भाराने गुणायचं. जपानच्या जेडब्ल्यूएल मानकात हा घर्षणाचा गुणांक ०.७ धरला आहे आणि वर दीडचा सुरक्षा-गुणक आहे. साध्या रस्त्यावरच्या टायरला ०.७ रास्त आहे. ट्रॅकचे मऊ टायर तापले की १.१ सहज देतात. माझ्या टायरची त्रिज्या ०.२९ मीटर आणि ऑफसेट ०.०४ मीटर. ०.७ ने कंसातला आकडा ०.२४ येतो, १.१ ने ०.३६. जवळपास दीडपट! चाचणीत ठेवलेली सगळी सवलत एकट्या टायरने खाल्ली. कर्बवरचा दणका आणि वर्षानुवर्षांचा थकवा यांचा हिशोब अजून बाकीच आहे.

म्हणून मी स्वतःसाठी नियम केला: उभ्या गाडीत चाकावर जेवढा भार येतो त्याच्या किमान दीडपट रेटिंग. माझ्यासाठी ५४० किलोच्या खालचं चाक यादीतून बाद. या एका अटीने अर्धी यादी गळाली, आणि त्यात दिसायला देखणी बरीच होती.

खुणांबद्दल थोडं. जेडब्ल्यूएलची खूण म्हणजे चाक मानकात बसतं असं बनवणाऱ्याने स्वतः सांगितलेलं. शेजारी व्हीआयए असेल तर त्रयस्थ संस्थेकडे चाचणी आणि नोंदणी झालेली. जर्मनीतल्या चाकांवर केबीए क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून मंजुरीची कागदपत्रं शोधता येतात. अमेरिकेत बाहेरून बसवायच्या चाकांसाठी एसएई जे२५३० आहे. नुसती खूण पाहून मी थांबत नाही, ती कुणीही ओतू शकतो. बनवणाऱ्याचं नाव, माप, ऑफसेट, कमाल भार आणि उत्पादनाची तारीख हे सगळं चाकावर हवं, आणि ते बनवणाऱ्याच्या तक्त्याशी जुळायला हवं. कंपनीच्या डिझाइनची नक्कल केलेली चाकं बरोबर इथेच उघडी पडतात: आकार हुबेहूब, पण भाराचा आकडा एकतर नाही किंवा मूळ चाकापेक्षा कमी.

बनावटीचे प्रकार आपल्याला माहीत आहेत, तरी किमतीच्या दृष्टीने सांगतो. साधं ओतीव चाक सर्वांत स्वस्त. त्यात धातू जाड ठेवावा लागतो, म्हणून वजन वाढतं. फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाने घडवलेलं चाक सर्वांत मजबूत आणि हलकं. रेज या जपानी चाक कंपनीचं टीई३७ १९९६ साली आलं आणि त्याच्या नावातले ३७ म्हणजे १५ इंची, ६ जे मापाचं ३.७ किलो वजन. पण नव्या फोर्ज्ड सेटच्या पैशात माझे टायर, ब्रेक पॅड आणि प्रवेश शुल्क असा बराच मोठा भाग निघतो. मधला रस्ता फ्लो फॉर्मिंगचा. चाक ओततात, मग गरम असतानाच ते फिरवत रोलरने रिमची भिंत दाबून ताणतात, कुंभार चाकावर मडक्याची भिंत ओढून वर आणतो तशी. भिंत पातळ होते आणि धातू दाबला गेल्याने मजबूतही होते. मधला भाग आणि आरे मात्र ओतीवच राहतात, हे विसरायचं नाही.

वापरलेली फोर्ज्ड चाकं चांगल्या भावात मिळत होती. नाही घेतली. कुणी, कुठे, किती वर्षं आपटली हे कळायला मार्ग नाही. त्यात पुन्हा रंगवलेली असली तर आणखी भीती: टी६ या उष्णता-प्रक्रियेने ॲल्युमिनियमला आलेली ताकद उष्णतेने कमी होते, आणि पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. वेल्डिंग करून दुरुस्त केलेलं चाक तर फुकट दिलं तरी ट्रॅकवर नको.

ज्यांचं पहिलंच वर्ष आहे त्यांना मी आजही कंपनीचीच वापरलेली चाकं सुचवेन, शक्यतो त्याच गाडीच्या जड किंवा जास्त ताकदीच्या मॉडेलची. जड असतात, पण वाहन कंपन्या खड्डे आणि पूर्ण भरलेली गाडी धरून त्यांची चाचणी घेतात. पीसीडी, बोअर (मधलं भोक), नटची बैठक, सगळं जुळलेलं. मी पुढे गेलो ते रुंदीसाठी. १९५/५० आर१५ टायरला ५.५ ते ७ जे रिम मान्य आहे, आणि ७ जेवर टायरची भिंत जास्त ताठ उभी राहते.

शेवटी घेतलं ते नवं फ्लो फॉर्म्ड चाक: १५ इंची, ७ जे, ईटी ४०, रेटिंग ६२० किलो, जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए दोन्ही. जुना सेट पावसाळी टायरसाठी ठेवला आहे.

बसेल का, हे मागवण्याआधी कागदावर काढलं. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ५ ने कमी, म्हणून बाहेर १७.७ आणि आत ७.७. आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनचा खांब) जागा होती. बाहेर फेंडरची कड थोडी वळवावी लागली. कॅलिपरसाठी (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पुठ्ठ्याचा साचा कापून आरे आणि कॅलिपर यांतलं अंतर तपासलं. मला ३ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, कारण भाराखाली चाक वाकतं आणि मध्ये खडाही अडकू शकतो.

चाकाचा बोअर हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) मोठा आहे, त्यामुळे फट भरायला रिंग लागल्या. प्लास्टिकच्या नकोत, ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने त्या मऊ होतात. ॲल्युमिनियमच्या घेतल्या. नट ६० अंशांच्या शंकूच्या बैठकीचे, पोलादी. काही कंपनी चाकांत गोल बैठक असते. गोल नट शंकूच्या खड्ड्यात किंवा उलट कधीही चालत नाही. स्पर्श फक्त एका कडेवर होतो, टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो आणि नट तरी सुटतो. नट ज्यांवर आवळतात ते स्टड एम१२×१.५ आहेत, म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि दर फेऱ्याला १.५. व्यासाइतक्या लांबीचे आटे तरी नटात शिरले पाहिजेत, म्हणजे किमान ८ पूर्ण फेरे. मला ९ मिळतात. हब आणि चाक यांमध्ये पातळ स्पेसर (चकती) घालायचं मी टाळलं ते याच कारणाने, त्याने फेरे कमी होतात.

पहिला ट्रॅक डे झाला. गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कने, समोरासमोरचे नट घेत, चाकं थंड असताना आवळली. प्रत्येक सेशननंतर थंड झाल्यावर पुन्हा तपासली. पहिल्या सेशननंतर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले. नव्या चाकाचा रंग बैठकीत दबतो, त्यामुळे हे अपेक्षित होतं. नंतर हलले नाहीत. वळणाच्या सुरुवातीला स्टिअरिंगचा प्रतिसाद आता जास्त थेट जाणवतो. हा फरक हलकेपणापेक्षा रुंदीचा आहे, असं माझं मत.

घरी आल्यावर चाकं उतरवून आतून धुतली आणि तीन जागा बारकाईने पाहिल्या: आरा मध्यभागाला मिळतो तो कोपरा, आतली कड, आणि व्हॉल्व्हचं भोक. चिरेत ब्रेकची काळी धूळ शिरून बारीक रेघ दिसते, म्हणून आतली बाजू फिकट रंगाची असलेली बरी. शंका आली तर डाय पेनिट्रंट: लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. एखाद्या टायरची हवा कारण नसताना उतरू लागली तर आधी रिमवर संशय घ्या, मग टायरवर.

चारही चाकं स्वच्छ निघाली. पुढचं काम स्टडचं: आहेत ते कंपनीचे आणि जुने आहेत, आणि वारंवार आवळून-सोडून तेही थकतात. जरा लांब, नामांकित बनावटीचे स्टड मागवले आहेत. ते हबमध्ये दाबून बसवले की आट्यांचे फेरे पुन्हा मोजून पुढच्या नोंदीत देतो.